तळ्याकाठचे झाड, बीव्हर आणि पहिले शील

दरवर्षी सप्टेंबर सरत आला की अमेरिकेतल्या धम्मबांधवांकडून एक ठरावीक फोटो आमच्याकडे येतो. हिरवळीवर आडवे पडलेले झाड, शेजारी टोक काढलेल्या पेन्सिलीसारखा उरलेला बुंधा आणि भोवती पांढऱ्या ढलप्यांचा सडा. खाली प्रश्न असतो, ‘हे कुणी केले आणि आता काय करायचे?’

कुणी केले, याचे उत्तर सोपे आहे. बीव्हरने. काय करायचे, हे मात्र नीट सांगावे लागते. कारण फोटो पाठवणाऱ्यांपैकी काहींसाठी ते नुसते शोभेचे झाड नसते. परदेशात राहणाऱ्या आपल्या कित्येक कुटुंबांत आईवडिलांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी अंगणात एक झाड लावतात. नागपूर, औरंगाबाद किंवा अकोल्याला जाऊन अंत्ययात्रेत सहभागी होता आले नाही, म्हणून इथे मागच्या अंगणात चेरी किंवा मेपल लावलेले असते. ते झाड एका रात्रीत पडले की मन विटते. त्याच दिवशी शेजारी सांगतो, ‘फार विचार करू नका, सापळेवाल्याला फोन करा. तो पकडून लांब सोडून देईल.’

या ‘लांब सोडून देईल’मध्येच सगळी गोम आहे. म्हणून हा लेख.

हा प्राणी कोण?

महाराष्ट्रात बीव्हर नाही, भारतातही नाही. म्हणून आपल्याकडची मंडळी त्याला कधी पाणमांजर म्हणतात, कधी घूस. पाणमांजर वेगळे. सिंधुदुर्गाच्या खाड्यांत दिसणारे पाणमांजर मासे खाते. बीव्हर मासा कधीच खात नाही, तो पूर्ण शाकाहारी आहे. नात्याने तो उंदीर, खार आणि साळिंदराच्या, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गोत्रातला. मोठा बीव्हर 16 ते 30 किलो भरतो. शेपटी चपटी, वल्ह्यासारखी. धोका वाटला की ती पाण्यावर आपटून घरच्यांना सावध करतो. पुढचे दात गडद नारिंगी असतात, कारण त्यांच्या वरच्या थरात लोह असते. हे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि कुरतडण्याने झिजत राहतात.

त्याचे अन्न लाकूड नव्हे. सालीच्या लगेच आत जो ओला, गोडसर थर असतो, ज्यातून झाड आपले अन्न वाहून नेते, तो थर आणि कोवळ्या फांद्या हे त्याचे खाणे. झाडाच्या शेंड्याकडची साल कोवळी असते, पण बीव्हरला झाडावर चढता येत नाही. म्हणून तो झाडच खाली आणतो. उरलेल्या फांद्या बांधाला आणि घराला वापरतो. बांध घालून पाणी अडवले की घराचे दार पाण्याखाली राहते आणि लांडगा, कोयोट आत येऊ शकत नाही.

आता ऑक्टोबरच का? उत्तरेकडच्या थंड प्रदेशात डिसेंबरपासून तळी गोठतात. बीव्हर शीतनिद्रा घेत नाही. बर्फाखालून पोहत जाऊन तो आपल्या साठ्यातल्या फांद्या खातो. त्यामुळे सप्टेंबर ते नोव्हेंबर ही त्याची बेगमीची घाई असते. आपण धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या तयारीत असतो, नेमक्या त्याच आठवड्यांत हा रात्रभर झाडे पाडत असतो. आपल्या आज्या पावसाळ्याआधी सरपण आणि पापड-कुरडयांचा साठा करून ठेवायच्या, त्यातलाच हा प्रकार.

बीव्हर जोडीने राहतो आणि जोडी सहसा जन्मभर टिकते. घरात आईबाप, या वर्षीची दोन-चार पिल्ले आणि गेल्या वर्षीची पिल्ले. दोन वर्षांची झाली की तरुण पिल्ले वसंतात घर सोडून नवे पाणी शोधायला निघतात. पुढच्या मुद्द्यासाठी हे लक्षात असू द्या.

बाबासाहेबांचे न्यूयॉर्क आणि बीव्हर

1913 साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला आले. त्या शहराच्या अधिकृत मुद्रेवर बीव्हर कोरलेला आहे, कारण सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांची ती वसाहत बीव्हरच्या कातड्यांवरच उभी राहिली. त्याच्या केसांपासून नमदा बनतो आणि युरोपातल्या श्रीमंतांना नमद्याच्या टोप्या हव्या होत्या. या टोप्यांसाठी उत्तर अमेरिकेत इतक्या बीव्हरांची कत्तल झाली की विसावे शतक उजाडेपर्यंत बहुतेक प्रदेशांतून ते नाहीसे झाले होते. बाबासाहेब त्या शहरात होते तेव्हा बीव्हर फक्त मुद्रेवर उरला होता, शहराच्या नद्यांत नव्हता. 2007 साली ब्रॉन्क्स नदीत एक बीव्हर दिसला, तेव्हा शहरात दोनशेहून अधिक वर्षांनी बीव्हर आल्याची बातमी झाली. न्यूयॉर्क राज्याचा तो 1975पासून राज्यप्राणी आहे.

ब्रिटनमध्येही हेच. तिथे सोळाव्या शतकाच्या सुमारास बीव्हर संपला. माणसांनीच त्याला परत आणला आणि 2019मध्ये स्कॉटलंडने, 2022मध्ये इंग्लंडने त्याला कायद्याचे संरक्षण दिले. म्हणजे आज आपल्या अंगणात येणारा बीव्हर घुसखोर नाही. त्याच्या जागेवर आपण घरे बांधली आणि तो आपल्या जुन्या पाण्यावर परत आला आहे.

परत आल्याने होते काय, हे मराठवाडा-विदर्भातल्या वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको. नाला बंडिंग आणि पाझर तलाव आपण पाहिले आहेत. ओढ्याला आडवा बांध घातला की पाणी थांबते, गाळ बसतो, जमिनीत मुरते आणि भोवतालच्या विहिरींना पाणी राहते. बीव्हर हेच काम सरकारी निविदेशिवाय करतो. त्याच्या तळ्यावर बेडूक, बदके, बगळे येतात आणि वणवा पेटला तर ती ओली पट्टी सहसा हिरवी राहते. आपण ‘हे असल्याने ते असते’ असा प्रतीत्यसमुत्पाद शिकतो. त्याचे याहून ढळढळीत उदाहरण आम्हाला तरी माहीत नाही.

‘लांब सोडून देईल’ म्हणजे काय?

मॅसॅच्युसेट्सचे उदाहरण घेऊ, कारण तिथला कायदा स्पष्ट आहे. तिथे कोणताही वन्यप्राणी पकडून दुसऱ्या ठिकाणी नेऊन सोडणे बेकायदा आहे. 1996च्या सार्वमताने शरीर आवळणाऱ्या सापळ्यांवर बंदी आली, त्यामुळे नेहमीच्या परवान्यावर पिंजऱ्याचे सापळे लावतात. पिंजऱ्यात प्राणी जिवंत सापडतो, हे खरे. पण त्याला दुसरीकडे सोडता येत नाही, म्हणून पकडला की तो मारला जातो. शेजारी खोटे बोलत नसतो. त्यालाही बहुधा हे माहीत नसते. ‘लाइव्ह ट्रॅप’ या शब्दाने भल्याभल्यांची फसगत होते.

इतर राज्यांत नियम वेगळे आहेत. काही ठिकाणी राज्याच्या वन्यजीव खात्याच्या परवानगीने बीव्हर हलवता येतात. पण हलवलेल्या कुटुंबाला नवे पाणी, नवे घर, हिवाळ्याचा नवा साठा हवा असतो आणि उशिरा शरदात हलवले तर तेवढा वेळच उरत नाही. 1948मध्ये आयडाहो राज्याने बीव्हरांना पेट्यांत घालून विमानातून पॅराशूटने डोंगरात उतरवले होते. ऐकायला गंमत वाटते आणि त्यातले बहुतेक जगलेही, पण तो सरकारी खात्याचा प्रयोग होता. आपल्या सोसायटीचा सापळेवाला असले काही करणार नाही.

व्यवहाराचा मुद्दाही आहे. तळे चांगले असेल, काठाला विलो आणि ॲस्पेन असतील, तर एक कुटुंब काढल्यावर ती जागा रिकामी राहत नाही. वर सांगितलेली दोन वर्षांची तरुण पिल्ले दर वसंतात जागा शोधतच असतात. आज पैसे देऊन मारलेत, तर परवा पुन्हा पैसे द्यावे लागतील. झाड मात्र दोन्ही वेळा उघडेच असेल.

शील काय सांगते

आपण प्रत्येक कार्यक्रमात पंचशील म्हणतो. पहिले शील प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे आहे. पाली अट्ठकथांनी प्राणिहिंसेची पाच अंगे सांगितली आहेत: जीव असणे, तो जीव आहे याची जाणीव असणे, मारण्याची चेतना, त्यासाठी केलेला प्रयत्न आणि त्यातून झालेला मृत्यू. प्रयत्न आपल्याच हाताने झाला पाहिजे असे नाही. दुसऱ्याला सांगून मारवले, तरी ते त्यात मोजले जाते. म्हणजे सापळेवाल्याला दिलेला धनादेश आपल्याला शीलाबाहेर ठेवत नाही. त्याचबरोबर, पिंजऱ्यात धरलेला प्राणी मारतात हे खरोखर माहीत नसेल, तर दोष तसा नाही. पण हा लेख वाचणाऱ्यांना ती सवलत आता राहिली नाही.

इथे कुणी म्हणेल, मग काय तळ्याचे पाणी घरात शिरू द्यायचे? असा टोकाचा अर्थ बाबासाहेबांनी कधीच लावला नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये त्यांनी अहिंसेवर स्वतंत्रपणे लिहिले आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळेपणाने पाळायचा नियम नव्हे, असे ते मांडतात. नियमात विचाराला जागा नसते, तत्त्वात असते. बुद्धांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला, हा त्यांचा मुद्दा आहे. ज्याला खरी गरज नाही त्याने मारणे, हे इच्छेपोटी मारणे.

म्हणून अंगणातल्या प्रश्नाचे रूप बदलते. ‘बीव्हर वाईट की चांगला’ हा प्रश्नच नाही. प्रश्न असा की इथे मारण्याची गरज आहे का? झाड वाचवायला दुसरा उपाय नसता, तर वाद घालता आला असता. उपाय आहे, स्वस्त आहे आणि एका शनिवारी दुपारी करून होतो. एवढे माहीत झाल्यावर सापळा लावणे ही गरज राहत नाही. शील आणि प्रज्ञा बरोबर चालतात असे आपण प्रवचनात ऐकतो. इथे प्रज्ञेचा अर्थ अगदी साधा आहे: तारेच्या जाळीचा आकार माहीत असणे.

अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात पोपट, मैना, हंस, वटवाघूळ अशी मारू नयेत त्या प्राण्यांची यादी आहे. राज्य चालवणाऱ्या माणसाने नावे घेऊन, तपशिलात जाऊन यादी केली, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. करुणा मोघम राहिली की तिचे पुढे काहीच होत नाही. तेव्हा आता तपशील.

जाळी कशी लावायची

आधी खात्री करून घ्या की काम बीव्हरचेच आहे. बुंध्यावर जमिनीपासून गुडघा-मांडीच्या उंचीवर शंकूसारखा चावा, त्यावर रुंद दातांच्या खाचा आणि खाली मोठ्या ढलप्या, ही त्याची खूण. हरणाने शिंगे घासली असतील तर साल लोंबते, पण ढलप्या पडत नाहीत. ससा बारीक कोंब तोडतो.

मग तळ्याच्या काठापासून मोजत चला. बीव्हर जमिनीवर सावकाश चालतो आणि पाण्यापासून दूर जायला भितो. त्याची बहुतेक तोड काठापासून 30 ते 50 मीटरच्या आत होते. त्या पट्ट्यातल्या प्रत्येक झाडाला जाळी लावायची गरज नाही. जी झाडे जाणे तुम्हाला परवडणार नाही ती निवडा. आईच्या नावाची चेरी, घराला सावली देणारा मेपल, पडला तर गाडीवर किंवा विजेच्या तारेवर पडेल असा मोठा पॉपलर. सफरचंद, चेरी, बर्च, विलो, ॲस्पेन आणि मेपल त्याला आवडतात. स्प्रूस-पाइनसारखी सूचिपर्णी झाडे तो सहसा मागे ठेवतो, पण भूक लागली तर तीही सोडत नाही.

जाळी घ्यायची ती ‘वेल्डेड वायर’ची. जाड तारेची, सांधे जोडलेली, 2 इंच बाय 4 इंच चौकटीची. हार्डवेअरच्या कोणत्याही मोठ्या दुकानात 4 फूट उंचीचे बंडल मिळते. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ जाळी घेऊ नका. ती स्वस्त असते आणि बीव्हर ती वाकवून आत तोंड घालतो. प्लास्टिकची जाळी तर तो कुरतडूनच टाकतो.

जाळी बुंध्याला चिकटवायची नाही, हे सगळ्यांत महत्त्वाचे. बुंधा आणि जाळी यांत चहूबाजूंनी किमान 6 इंच अंतर ठेवा. त्याने दोन गोष्टी होतात. बीव्हरचे दात जाळीतून सालीपर्यंत पोहोचत नाहीत आणि झाडाला जाड व्हायला जागा राहते. घट्ट गुंडाळलेली तार चार-पाच वर्षांत सालीत रुतते आणि मग झाड बीव्हरमुळे नाही, आपल्यामुळे मरते.

हिशोब असा. बुंधा 8 इंच जाड असेल तर दोन्ही बाजूंचे 6-6 इंच धरून गोलाचा व्यास 20 इंच होतो. त्याचा घेर सुमारे 63 इंच. टोके एकमेकांवर चढवायला थोडी जाळी धरली तर एका झाडाला साडेपाच फूट लागते. 50 फुटांच्या बंडलात अशी नऊ झाडे होतात. म्हणजे बहुतेक घरांच्या अंगणाचे काम एका बंडलात निघते.

गोल करून टोके जाळीच्याच कापलेल्या तारांनी पक्कडीने पिळून बांधा. तारांची टोके आतल्या बाजूला वळवा, नाहीतर अंगणात खेळणाऱ्या मुलांना बोचतील. खालची कड जमिनीला टेकलेली हवी. जाळी हलकीच उचलून खालून शिरण्यात बीव्हर तरबेज आहे. म्हणून दोन-तीन लोखंडी खुंट्या ठोका आणि जाळी त्यांना बांधा. मुळे वर आलेली असतील तर जाळीची खालची कड तेवढी कापून मुळांवर बसवा, फट ठेवू नका. जिथे दोन-तीन फूट बर्फ साचते तिथे चार फूट जाळी पुरत नाही, कारण बर्फ कडक झाले की बीव्हर त्यावर उभा राहतो. तिथे वर आणखी एक पट्टी जोडा.

पाच-सहा झाडे एकत्र असतील तर प्रत्येकाला जाळी लावण्यापेक्षा त्या सगळ्यांना मिळून तीन-चार फुटी कुंपण घाला. बीव्हर कुंपण चढत नाही. कुंपण घालताना तळ्याकडची बाजू उघडी ठेवून तीनच बाजू बंद करणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्यांनी नेमके काय रोखायचे ठरवले होते ते कळत नाही.

जाळी दिसायला बरी वाटत नसेल तर दुसरा उपाय रंगाचा. घराच्या बाहेरच्या भिंतींना लावतात तो लेटेक्स रंग झाडाच्या सालीच्या छटेचा घ्या. लिटरमागे साधारण 150 ग्रॅम बारीक, कोरडी वाळू त्यात घाला आणि बुंध्याला चार फुटांपर्यंत लावा. वाळू तळाशी बसते म्हणून मध्ये मध्ये ढवळत राहा आणि एका वेळी थोडाच रंग कालवा. भाकरीत कचकच आली की आपण घास बाजूला काढतो, बीव्हरचेही तसेच. तेलरंग वापरू नका, त्याने झाडाला इजा होते. कोवळ्या, सहा फुटांपेक्षा लहान रोपांना रंग लावूच नका, त्यांना जाळीच हवी. दोन-तीन वर्षांनी रंग पुन्हा लावावा लागतो.

मिरचीचे फवारे, एरंडेल, प्लास्टिकचे घुबड, लुकलुकणारे दिवे यांच्या जाहिराती खूप येतात. फवारा पावसात धुऊन जातो आणि घुबडाची सवय होते. आम्ही यांची शिफारस करत नाही.

झाड आधीच कुरतडले असेल तर

साल बुंध्याभोवती पूर्ण गोल गेली असेल तर वरचे झाड वाचत नाही. अर्ध्याहून कमी गेली असेल तर बरेचदा वाचते. जखमेवर काही लेप लावू नका, फक्त लगेच जाळी लावा, कारण अर्धवट सोडलेल्या झाडाकडे तो पुन्हा येतो. विलो, मेपल, ॲस्पेन यांचा बुंधा उरला असेल तर उपटू नका. वसंतात त्याला फुटवे येतात. त्यांतला एक जोमदार ठेवून बाकीचे काढले, तर त्याच मुळांवर ते झाड पुन्हा उभे राहते. चेरीच्या बाबतीत सावध राहा. ती कलमी असते आणि कलमाच्या खालून आलेला फुटवा वेगळ्याच जातीचा निघू शकतो.

पडलेले झाड वाट अडवत नसेल तर तिथेच राहू द्या. हे ऐकून लोक बिचकतात. पण बीव्हरने ते खाण्यासाठीच पाडले आहे. तुम्ही ते उचलून नेलेत, तर त्याला तेवढ्यासाठी दुसरे पाडावे लागेल. पडलेले त्याला खाऊ द्या, उभे जाळीत ठेवा.

पाणी चढत असेल तर

झाड वाचले तरी बांधामुळे पाणी अंगणात येऊ लागले, हा वेगळा प्रश्न आहे. इथे पहिली प्रतिक्रिया असते बांध फोडण्याची. त्याचा उपयोग होत नाही. वाहत्या पाण्याचा आवाज आला की बीव्हर बांधायला धावतो. स्वीडनच्या लार्स विल्सन या अभ्यासकाने वाहत्या पाण्याचा नुसता ध्वनिमुद्रित आवाज ऐकवला, तरी बीव्हर काड्या रचू लागले. रात्रीत बांध पुन्हा उभा राहतो आणि त्यासाठी आणखी दोन झाडे जातात. शिवाय मॅसॅच्युसेट्स आणि न्यूयॉर्कमध्ये परवानगीशिवाय बांध फोडणे बेकायदा आहे.

यावरचा उपाय म्हणजे बांधातून आरपार घातलेला जाड पाइप. त्याचे तळ्यातले तोंड बांधापासून दूर, पाण्याखाली आणि मोठ्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतात. पाणी कुठून जाते ते बीव्हरला ऐकू येत नाही, म्हणून तो ते बुजवत नाही. पाण्याची पातळी आपल्याला हवी तिथे थांबते आणि त्याचे तळेही राहते. हे काम स्वतः करू नका. जाणकार माणूस आणि स्थानिक परवानगी दोन्ही लागतात. मॅसॅच्युसेट्समधली ‘बीव्हर इन्स्टिट्यूट’ ही संस्था अशा कामाचे प्रशिक्षण देते.

विहीर, सेप्टिक टाकी किंवा रस्ता खरोखर पाण्याखाली जात असेल तर मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात आरोग्य मंडळाकडून तातडीची परवानगी मिळण्याची सोय आहे. तिथे ‘गरज’ हा शब्द वापरता येईल. पण आधी पाइपचा पर्याय तपासला का, हे विचारल्याशिवाय नाही.

तळे सोसायटीचे असेल तर

आपली बरीच मंडळी अशा वसाहतींत राहतात जिथे तळे सामाईक असते आणि निर्णय घरमालकांची संघटना घेते. सापळ्याचा ठराव बहुधा बैठकीच्या शेवटी, फारशी चर्चा न होता मंजूर होतो. आपले लोक या बैठकांना जात नाहीत. ही आमची जुनी तक्रार आहे. घटनेचा अभिमान सांगणाऱ्या समाजाने आपल्या गल्लीच्या सभेत गप्प बसू नये.

कॅलिफोर्नियातल्या मार्टिनेझ शहराचे उदाहरण द्यावेसे वाटते. 2007मध्ये तिथे भर शहरातल्या ओढ्यात बीव्हरचे कुटुंब आले. पुराच्या भीतीने नगरपालिका त्यांना मारण्याच्या विचारात होती. रहिवाशांनी सभेत गर्दी केली, हायडी पेरीमन यांच्या पुढाकाराने ‘वर्थ अ डॅम’ ही संघटना उभी राहिली आणि व्हर्मॉन्टच्या स्किप लिल यांनी 2008मध्ये ओढ्यात पाइप बसवला. बीव्हर राहिले, पुढे अनेक वर्षे तिथे पिल्ले झाली आणि शहर बुडाले नाही. हे भिक्खूंनी नाही, सामान्य नागरिकांनी केले.

बैठकीत शीलाची भाषा वापरायची गरज नाही, ती सगळ्यांची नाही. तीन प्रश्न पुरेत. पकडलेल्या प्राण्याचे पुढे काय होणार, हे लेखी मिळेल का? पुढच्या वर्षी दुसरे कुटुंब आले तर पुन्हा किती खर्च? आणि काठावरच्या निवडक झाडांना जाळी लावायला किती खर्च? तिसऱ्या प्रश्नाचा आकडा घरून काढून न्या. सोबत एका शनिवारी जाळी लावायला येणाऱ्या चार घरांची नावेही न्या. मनुष्यबळ फुकट आहे म्हटल्यावर खजिनदाराचे मत लवकर बदलते.

इंग्लंडमधल्या वाचकांसाठी: तिथे बीव्हरला पकडणे, मारणे किंवा त्याच्या घराला धक्का लावणे कायद्याने बंद आहे. झाडाला जाळी लावायला मात्र परवाना लागत नाही.

थोडे आणखी

बीव्हर अंगावर येत नाही, पण कोंडला तर जोरात चावतो. कुत्रा त्याच्या जवळ जाऊ देऊ नका. तळ्याचे पाणी मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका. त्यातून जिआर्डियाचा पोटाचा आजार होऊ शकतो, आणि तो फक्त बीव्हरमुळेच होतो असेही नाही.

नवे स्मृतिवृक्ष लावणार असाल तर तळ्यापासून 50 मीटरच्या पलीकडे जागा बघा. जागा तेवढी नसेल तर रोप लावतानाच जाळी लावा, उद्यावर ठेवू नका. काठावर मात्र विलो आणि तांबड्या काड्यांचे डॉगवूड वाढू द्या. ते कितीही तोडले तरी फुटतात आणि त्याचे पोट तिथेच भरले तर तो वर अंगणात कमी येतो. बोधिवृक्षाची काळजी करू नका. थंड प्रदेशात पिंपळ जमिनीत जगत नाही, तो कुंडीतच असतो. पहिल्या थंडीआधी तुम्ही तो घरात घेताच, आणि बीव्हर काही जिना चढून गॅलरीत येत नाही.

दर वसंतात, बर्फ वितळल्यावर, प्रत्येक जाळीभोवती एक फेरी मारा. बर्फाने दाबलेली जाळी सरळ करा, सैल झालेल्या खुंट्या ठोका आणि आत साचलेला पालापाचोळा काढा, नाहीतर त्यात उंदीर घर करतात आणि साल खातात. बुंधा आणि जाळीतले अंतर तीन-चार इंचांवर आले असेल तर टोके सोडून गोल मोठा करा. पहिल्या वेळी टोके एकमेकांवर थोडी जास्त चढवून ठेवली असतील तर नवी जाळी आणावी लागत नाही.